धंतोलीतील एका कर्करोग सल्ला-विभागाचे परीक्षण : ‘किती वर्षे?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर

धंतोली आणि रामदासपेठ या नागपूरच्या दोन वस्त्यांत दवाखान्यांची इतकी दाटी आहे की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, इतकेच काय बालाघाट आणि छिंदवाड्याचे रुग्णही मोठे दुखणे निघाले की सरळ येथेच येतात. त्यांपैकी धंतोलीतील एका खासगी कर्करोग रुग्णालयात न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे पचनसंस्था, फुप्फुस अशा अवयवांतील संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या विरळ कर्करोगासाठी आठवड्यातून एक दिवस स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालतो. माझी मोठी बहीण तेथे उपचार घेते आहे आणि तिच्यासोबत मी नियमितपणे जातो. या सेवेला मी पाचपैकी चार तारे देतो. रुग्णालयाचे नाव मात्र येथे मुद्दाम देत नाही, कारण याच मजकुरात मला दुसऱ्या एका ठिकाणच्या कटू अनुभवाबद्दलही लिहायचे आहे, आणि शिवाय या परीक्षणाचा उपयोग वाचकाला आपल्या गावातील किंवा शहरातील कोणतीही अशी सेवा पारखून घेण्यासाठी व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

कर्करोगाच्या कोणत्याही सल्ला-सेवेची खरी कसोटी रुग्णाने किंवा नातेवाइकाने विचारलेल्या एकाच प्रश्नाशी लागते : आता किती आयुष्य उरले आहे? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाला बगल दिली जाते किंवा एक आकडा तोंडावर फेकला जातो. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार विशेष घातक ठरतात, कारण याच एका नावाखाली येणाऱ्या आजारांत काही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पूर्ण आयुष्य जगतात, काही यकृतात गाठी असूनही अनेक वर्षे घरचे सगळे व्यवहार सांभाळतात आणि काहींच्या हाती केवळ काही महिने असतात. यांपैकी आपला रुग्ण कुठे बसतो, हे ज्या सेवेत नीट समजावून सांगितले जाते ती सेवा चांगली, एवढा साधा निकष मी येथे लावला आहे.

ताई भंडाऱ्याला राहते. तिला बरीच वर्षे अधूनमधून पोटात कळा येत, पातळ जुलाब होत आणि काही वेळा बसल्या बसल्या चेहरा आणि गळा लालबुंद होई. पाळी जाण्याच्या वयातला त्रास, आतड्याची सवय, अ‍ॅसिडिटी अशी कारणे निघत गेली आणि गोळ्या बदलत गेल्या. या आजारात निदानाला असा उशीर होणे नेहमीचेच आहे, कारण लहान आतड्यातील गाठ मंदगतीने वाढते, पोटाच्या साध्या तपासण्यांत ती सहसा दिसत नाही आणि लक्षणे दुसऱ्या दहा विकारांसारखीच असतात. शेवटी सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसले, बायोप्सी झाली आणि नागपुरातील एका मोठ्या रुग्णालयात आम्ही अहवाल घेऊन गेलो. तेथील डॉक्टरांनी यकृतात पसरलेला कर्करोग एवढेच पाहिले, भाऊजींना बाहेर व्हरांड्यात बोलावले आणि ‘चौथी स्टेज आहे, सहा महिने धरून चला’ असे सांगून पुढच्या रुग्णाला आत घेतले. अहवालाच्या दुसऱ्या पानावर पेशींचा प्रकार आणि त्या किती वेगाने विभागतात ते सांगणारा केआय-६७ चा आकडा स्पष्ट छापलेला होता, परंतु ते पान उलटलेच गेले नाही. भाऊजींनी त्या रात्री शेतीचे कागद काढून मुलांच्या नावांची वाटणी करायला घेतली होती.

धंतोलीच्या विभागात पहिल्याच भेटीत जे घडले, त्यामुळे मी हे लिहायला बसलो. डॉक्टर मॅडमनी ताईला आणि भाऊजींना दोघांनाही समोर बसवले, ‘काकू, तुम्हाला सगळे ऐकायचे आहे की काकांशी बोलू?’ असे आधी विचारले आणि ताईने ‘माझ्यासमोरच बोला’ म्हटल्यावर बायोप्सीचा अहवाल टेबलावर उलगडून पेन्सिलने दोन ओळींखाली रेघ मारली. पहिल्या ओळीत गाठीतील पेशी सुविभेदित आहेत, म्हणजे मूळ पेशींशी त्यांचे साम्य टिकून आहे, असे लिहिले होते. दुसऱ्या ओळीत केआय-६७ निर्देशांक चार टक्के होता. हा निर्देशांक काय असतो ते त्यांनी सावकाश सांगितले : विभाजनाच्या अवस्थेत असलेल्या पेशींमध्ये आढळणारे एक प्रथिन रंगवून घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली ज्या भागात अशा पेशी सर्वाधिक दाट दिसतात त्या भागातील किमान पाचशे पेशी मोजतात आणि शंभरात किती रंगल्या ते काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणानुसार सुविभेदित गाठीत हा आकडा तीनपेक्षा कमी असेल तर पहिली श्रेणी, ३ ते २० असेल तर दुसरी आणि वीसहून अधिक असेल तर तिसरी. पेशी दुर्विभेदित असतील तर तो वेगळाच, आक्रमक आजार असून त्याला न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा म्हणतात. ताईची गाठ दुसऱ्या श्रेणीत, आणि त्यातही खालच्या टोकाला होती.

त्यानंतर त्यांनी आकडे सांगितले, आणि त्या आकड्यांचे वय व मर्यादाही सांगितल्या. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीतील १९७३ ते २०१२ या काळातील जवळजवळ ६५ हजार रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व प्रकारच्या न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचे मध्यक आयुर्मान ९.३ वर्षे आले. आजार मूळ जागेपुरता असताना हे मध्यक तीस वर्षांहून अधिक होते, आसपासच्या ऊतींत किंवा लसिकाग्रंथींत गेलेला असताना १०.२ वर्षे, आणि दूरच्या अवयवांत पसरलेला असताना केवळ १२ महिने. शेवटचा आकडा ऐकून भाऊजींची मान खाली गेली, हे मॅडमच्या लक्षात आले आणि त्यांनी लगेच पुढचे वाक्य जोडले : या बारा महिन्यांच्या आकड्यात फुप्फुसाचे, मोठ्या आतड्याचे, दुर्विभेदित असे सगळे रुग्ण एकत्र मोजले आहेत. त्याच अभ्यासात लहान आतड्यात सुरू झालेल्या, पहिल्या किंवा दुसऱ्या श्रेणीच्या आणि दूरवर पसरलेल्या आजाराचे मध्यक १०३ महिने, म्हणजे साडेआठ वर्षांच्या आसपास होते, तर तशाच श्रेणीच्या परंतु मोठ्या आतड्यातील पसरलेल्या आजाराचे केवळ १४ महिने. ‘चौथी स्टेज’ हे दोन शब्द दोन्ही रुग्णांना सारखेच लागू होतात, आणि तरीही दोघांच्या वाट्याला येणाऱ्या काळात इतके अंतर पडते.

मध्यक म्हणजे काय, हेही तेथे समजावून सांगितले जाते. शंभर रुग्णांपैकी पन्नास ज्या काळानंतरही हयात असतात तो काळ म्हणजे मध्यक. तो ठरलेल्या मुदतीचा दाखला नसतो, आणि हयात असलेले ते पन्नास त्यापुढे किती जगले हे तो आकडा सांगत नाही. दुसरी गोष्ट अशी की २०१२ पर्यंतच्या नोंदींत त्यानंतर आलेल्या उपचारांचा लाभ मोजलेला नाही. म्हणून ताईसाठी नेमका आकडा काढून देणे शक्य नसले तरी ‘महिन्यांचा नव्हे, वर्षांचा विचार करून घराची आखणी करा, आणि दर काही महिन्यांनी स्कॅन पाहून हा अंदाज आपण सुधारत राहू’ असे त्यांनी म्हटले. हे वाक्य मी घरी येऊन वहीत उतरवून ठेवले आहे. डॉक्टरांनी रुग्णाला खोटी आशा दाखवू नये असे आपण नेहमी म्हणतो. परंतु आधार नसलेली निराशा पदरात टाकणे हाही तितकाच गंभीर अन्याय आहे, आणि त्याची दाद कोणी कोणाकडे मागत नाही.

हा विभाग सर्वांनाच दिलासा देतो, असा समज होऊ नये. प्रतीक्षागृहात चंद्रपूरच्या एका कुटुंबाशी आमची ओळख झाली. त्यांच्या वडिलांना मोठ्या आतड्याचा न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा होता आणि केआय-६७ ऐंशीच्या घरात होता. त्यांच्या मुलाने मोकळेपणाने सांगितले की त्यांनाही तितक्याच शांतपणे आणि तितक्याच स्पष्टपणे खरे सांगण्यात आले. पचनसंस्थेतील अशा दुर्विभेदित आजाराच्या ३०५ रुग्णांवरील नॉर्डिक देशांचा २०१३ चा अभ्यास या विषयात आजही आधाराला घेतला जातो : पसरलेल्या आजारात केमोथेरपी घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान ११ महिने आणि केवळ लक्षणांवर उपचार घेतलेल्यांचे एक महिना होते. केआय-६७ पंचावन्न टक्क्यांपेक्षा कमी असलेल्यांत प्लॅटिनम गटातील औषधांना प्रतिसाद कमी, परंतु आयुर्मान थोडे अधिक, असेही त्यात दिसले. या आजारात वाट पाहायला वेळ नसतो, म्हणून इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन यांची केमोथेरपी लवकरात लवकर सुरू करतात. त्या कुटुंबाला पहिल्याच आठवड्यात केमोचा दिवस मिळाला आणि त्याच भेटीत वेदनाशामक उपचारांच्या डॉक्टरांशी गाठ घालून देण्यात आली. ‘बाबांना नातीचे लग्न पाहायचे होते, म्हणून आम्ही तारीख अलीकडे घेतली,’ असे मुलगा म्हणाला. खरा अंदाज वेळेवर मिळाल्यामुळेच त्यांना तो निर्णय घेता आला.

नातेवाइकांच्या तोंडी येथे हमखास एक नाव येते, ते म्हणजे अभिनेते इरफान खान. त्यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्याला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असल्याचे जाहीर केले आणि २९ एप्रिल २०२० रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले, त्यामुळे ‘दोन वर्षे’ हा हिशेब लोकांच्या मनात घट्ट बसला आहे. दुसरीकडे स्टीव्ह जॉब्ज यांच्या स्वादुपिंडातील अशाच प्रकारच्या गाठीचे निदान २००३ मध्ये झाले आणि ते २०११ पर्यंत जगले. एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीच्या आयुष्यावरून आपल्या रुग्णाचा काळ मोजणे चूक आहे, हे मॅडमनी ताईच्या जाऊबाईंना ज्या आपुलकीने पटवून दिले, त्याचा उल्लेख करायलाच हवा.

गाठ कोठे सुरू झाली यावरही बरेच अवलंबून असते. अपेंडिक्स काढल्यावर योगायोगाने सापडलेली एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ बहुधा त्या शस्त्रक्रियेनेच संपते. गुदाशयातील तशाच लहान गाठी दुर्बिणीतून काढता येतात. जठराच्या आतील अस्तर झिजल्यामुळे, बहुधा बी-१२ च्या कमतरतेसोबत, ज्या लहान लहान गाठी येतात त्यांचे भवितव्यही फार चांगले असते. स्वादुपिंडाच्या गाठींचे वर्तन यांच्या मानाने कमी भरवशाचे. ही माहिती विभागात भिंतीवरच्या तक्त्यावर आहे, परंतु ती इतक्या बारीक अक्षरांत आहे की कोणी वाचताना मला दिसले नाही.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे येतो. ताईच्या लहान आतड्याचा जो भाग आजूबाजूच्या पडद्याला ओढून कळा निर्माण करत होता, तो शस्त्रक्रियेने काढण्यात आला, आणि त्याच वेळी पित्ताशयही काढले, कारण पुढे आयुष्यभर द्यायच्या इंजेक्शनांमुळे पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते. भूल देण्यापूर्वी संप्रेरकांचा स्राव रोखणारे ऑक्ट्रिओटाइड हे औषध तयार ठेवण्यात आले होते. अशा रुग्णांत भुलेच्या काळात गाठीतून संप्रेरकांचा अचानक लोंढा येऊन रक्तदाब कोसळू शकतो. विभागाने ताईला याची सूचना छापलेले एक छोटे कार्ड दिले आहे आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ते दाखवण्यास सांगितले आहे. खिशात मावणारी ही साधी वस्तू मला फार विचारपूर्वक केलेली वाटली.

दर अठ्ठावीस दिवसांनी ताईला दीर्घकाळ काम करणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडचे तीस मिलिग्रॅमचे इंजेक्शन मिळते. हे औषध गाठीच्या पेशींवरील सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाच्या ग्राहकांना (रिसेप्टरना) चिकटते, संप्रेरकांचा स्राव कमी करते आणि गाठीची वाढही मंदावते. २००९ च्या जर्मन चाचणीत आजार पुढे सरकण्यास या इंजेक्शनाने मध्यक १४.३ महिने लागले, तर औषधाविना सहा महिने. लॅनरिओटाइड या त्याच गटातील दुसऱ्या औषधाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर ६५ टक्के रुग्णांचा आजार जागच्या जागी होता, तर औषधाविना ३३ टक्क्यांचा. चेहरा लाल होणे आणि जुलाब हे ताईचे दोन्ही त्रास पहिल्या काही इंजेक्शनांतच पुष्कळ कमी झाले.

इंजेक्शन-कक्षातील परिचारिका हे काम ज्या काळजीने करतात, ते पाहण्यासारखे आहे. फ्रिजमधून काढलेला डबा त्या आधी अर्धा तास टेबलावर ठेवतात, कारण थंड औषध नीट मिसळत नाही. मग कुपीत द्रव सोडून भुकटी पूर्ण भिजेपर्यंत तिला हात लावत नाहीत, आणि मिसळून झाल्यावर क्षणही न दवडता नितंबाच्या स्नायूत देतात, कारण थोडा वेळ गेला तरी औषध सुईत अडकते. मागच्या वेळी उजवी बाजू की डावी, हे त्या कार्डावर लिहून ठेवतात. दुसऱ्या एका दवाखान्यात घाईने दिलेले इंजेक्शन सुईत अडकून अर्धे वाया गेल्याची तक्रार मी प्रतीक्षागृहात ऐकली आहे, आणि एका मात्रेची किंमत पाहता ते नुकसान मध्यमवर्गीय घराला परवडणारे नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा, भंडाऱ्यालाच इंजेक्शन घेणार असाल तर ते दोन ते आठ अंशांत कसे न्यावे, बर्फाची पिशवी थेट डब्याला का लागू देऊ नये, हेही त्या समजावून सांगतात.

गॅलियम-६८ या किरणोत्सारी पदार्थाचा पेट (PET) स्कॅन या आजारात डोळ्यांचे काम करतो. गाठीवर सोमॅटोस्टॅटिन ग्राहक आहेत की नाहीत, हे त्यातून दिसते, आणि इंजेक्शने व पुढील किरणोत्सारी उपचार लागू पडतील का, याचा अंदाज येतो. गॅलियम-६८ चा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा वेळ, केवळ ६८ मिनिटांचा असल्याने ते केंद्रातच जनरेटर नावाच्या खास उपकरणातून काढून लगेच वापरावे लागते. म्हणून रुग्णांना एकाच दिवशी, ठरावीक वेळी बोलावतात आणि उशिरा पोहोचलेल्याला परत जावे लागते. भंडारा-नागपूर रस्त्यावर वाहने खोळंबली तर काय, याचे उत्तर विभागाकडे नाही. बाहेरगावच्या रुग्णांना सकाळची पहिली वेळ देणे थांबवले तरी पुष्कळांची सोय होईल.

ल्युटेशियम-१७७ च्या उपचाराबद्दल येथे जे सांगितले जाते, ते मी इतरत्र ऐकलेल्या जाहिरातवजा बोलण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. गाठीच्या ग्राहकांना चिकटणाऱ्या रेणूवर किरणोत्सारी ल्युटेशियम बसवून ते शिरेतून देतात. सामान्यतः आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने चार मात्रा असतात. हे ल्युटेशियम आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते, याचा मला भारतीय म्हणून मनापासून अभिमान वाटतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लहान आतड्याच्या भागातील, ऑक्ट्रिओटाइडला न जुमानणाऱ्या आजारात वीस महिन्यांनंतर ल्युटेशियम घेतलेल्या ६५ टक्के रुग्णांचा आजार पुढे सरकला नव्हता, तर केवळ वाढीव ऑक्ट्रिओटाइड घेतलेल्यांत ही संख्या जेमतेम ११ टक्के होती. परंतु अंतिम आयुर्मानाचे आकडे आले तेव्हा मध्यक ४८ आणि ३६.३ महिने निघाले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या निकषावर निर्विवाद ठरला नाही. दुसऱ्या गटातील पुष्कळ रुग्णांनी पुढे हाच उपचार घेतला होता, हे त्याचे एक कारण मानले जाते. मॅडमनी हे दोन्ही निकाल सांगितले आणि ताईचा आजार सध्या इंजेक्शनांवर स्थिर आहे म्हणून हा उपचार राखून ठेवण्याचा सल्ला दिला. महागडा उपचार आज नको म्हणणारे डॉक्टर भेटणे, ही माझ्या दृष्टीने सेवेच्या सचोटीची मोठी खूण आहे.

आता उणिवांबद्दल. तपासण्यांपूर्वी पाळायच्या सूचनांचे जे पत्रक मिळते, त्यातील माहिती अत्यंत उपयुक्त आहे, परंतु ते संपूर्ण इंग्रजीत आहे. क्रोमोग्रॅनिन-ए ही रक्ततपासणी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांमुळे खोटी वाढलेली येते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या सुमारे दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात. आमच्याकडे ही गोळी घराघरांत उपाशीपोटी घेतली जाते आणि तिला औषध म्हणून कोणी मोजतही नाही. चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीपूर्वी केळी, अननस, टोमॅटो, वांगी, अक्रोड वर्ज्य असतात. विदर्भाच्या स्वयंपाकघरात वांगी आणि टोमॅटो टाळायचे तर आधी सांगायलाच हवे. गोंदियाहून आलेल्या एका मावशींची ही तपासणी याच कारणाने दोनदा करावी लागली, कारण पत्रक वाचून दाखवणारे घरी कोणी नव्हते. मराठी आणि हिंदी पत्रक छापणे ही रुग्णालयाला अवघड गोष्ट नाही. मी तसा लेखी अर्ज दिला आहे आणि मराठी मजकूर विनामूल्य तयार करून देण्याची तयारीही दाखवली आहे.

दुसरी उणीव खर्चाबाबतची. स्कॅन, इंजेक्शन, रक्ततपासण्या, हृदयाची इको तपासणी यांचा वर्षभराचा अंदाज पहिल्या भेटीत कागदावर मिळायला हवा; तो मागितल्यावरच, आणि तोही तुकड्यातुकड्यांत मिळतो. आयुष्याचा अंदाज जितक्या नेमकेपणाने समजावला जातो, तितक्याच नेमकेपणाने खर्चाचा समजावला पाहिजे, कारण अनेक वर्षे चालणाऱ्या आजारात कुटुंबे औषधाने नव्हे तर हप्त्यांनी थकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या उपचाराचा कोणता भाग बसतो, हे संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारून लेखी घ्यावे. तिसरी उणीव म्हणजे रुग्णालयात मनोविकार-समुपदेशक असले तरी या विभागाच्या दिवशी ते उपलब्ध नसतात. यकृतात गाठी घेऊन वर्षानुवर्षे जगणाऱ्या माणसाला प्रत्येक स्कॅनच्या आधी जी झोप लागत नाही, तिच्यासाठी कोणाशी तरी बोलण्याची सोय असायला हवी. ताईने हे स्वतः मॅडमना सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

प्रतीक्षेचा वेळही फार आहे. मात्र प्रत्येक रुग्णाला मिळणारा वेळ पाहता ही तक्रार मी जोर देऊन करणार नाही.

जाण्यापूर्वी काय सोबत न्यावे, हे शेवटी सांगतो, कारण त्यावरच पहिल्या भेटीचा उपयोग ठरतो. बायोप्सीचा मूळ अहवाल, सर्व स्कॅनच्या चित्रांच्या डिस्क आणि मुख्य म्हणजे बायोप्सीचे पॅराफिन ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात बसवलेले ठोकळे) व काचपट्ट्या ज्या प्रयोगशाळेत झाल्या तेथून लेखी अर्ज करून घ्याव्यात. अहवालात केआय-६७ चा आकडा किंवा पेशींचे विभेदन लिहिलेले नसेल तर याच ब्लॉकवरून ते पुन्हा तपासता येते आणि नवी सुई टोचावी लागत नाही. अर्ज करताना रुग्णाचे ओळखपत्र लागते आणि ब्लॉक मिळायला काही दिवस जाऊ शकतात, म्हणून विभागाची वेळ घेण्याआधीच प्रयोगशाळेत जाऊन यावे. ब्लॉक उन्हात गाडीच्या पुढच्या काचेजवळ ठेवू नयेत. नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या गाडीत त्यातले मेण वितळू शकते.